‘एनी क्वेश्चन्स?’ नंतरची शांतता

प्रश्न: मी दोन वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या गणित विभागात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालो. दर गुरुवारच्या सेमिनारचं काम माझ्याकडे आलं आहे. बाहेरून चांगले वक्ते येतात, पण व्याख्यान संपल्यावर आमचे पीएचडीचे आणि एमएस्सीचे विद्यार्थी एकही प्रश्न विचारत नाहीत. कँटीनमध्ये हीच मुलं तासन्‌तास वाद घालतात. त्यांना बोलतं कसं करावं?

उत्तर: विद्यार्थ्यांचं नंतर पाहू, आधी घड्याळ हातात घ्या. पुढच्या गुरुवारी ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटल्यापासून पहिला माणूस तोंड उघडेपर्यंत किती सेकंद गेले आणि तो माणूस कोण, एवढंच वहीत टिपा. सात-आठ आठवडे टिपत राहा. सेमिनार माझ्या गळ्यात पडला त्या वर्षी मी हे केलं होतं. आमच्याकडे तीन सेकंदसुद्धा जात नव्हते आणि पहिला प्रश्न ठरलेल्या तिघांपैकीच कुणाचा तरी असायचा. तिघंही प्राध्यापक, तिघंही पहिल्या रांगेत बसणारे. त्यातली एक मी.

‘मुलं विचारत नाहीत’ अशी तक्रार करताना आपण धरूनच चालतो की त्यांना विचारायला फट मिळाली होती. ती फट मोजली की बरंचसं कोडं उलगडतं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात शाळांच्या वर्गांमध्ये हेच मोजलं होतं. प्रश्न टाकल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. हा थांबा तीन सेकंदांच्या पुढे नेला की उत्तरं लांबायची, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायची आणि मुलं आपणहून जास्त प्रश्नही विचारायची. आपल्या सेमिनारमधल्या मुलीला तर याहून जास्त वेळ लागतो. तिला प्रश्न मनात जुळवायचा असतो, तो इंग्रजीत न्यायचा असतो, आपले गाइड कुठे बसलेत ते बघायचं असतं आणि मग हात वर करायचा असतो. मी मनात दहापर्यंत मोजते, सावकाश. दहा सेकंद शांत सभागृहात फार लांबतात. वक्ता अस्वस्थ होतो, कुणीतरी खाकरतं. म्हणून मी त्या वेळात वक्त्याला पाणी द्यायला उठते. पाणी आधी देऊन ठेवायचं नाही, ही त्यातली मेख.

दुसरी गोष्ट, पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच. हे मी व्याख्यानाच्या सुरुवातीला, वक्त्याची ओळख करून देतानाच जाहीर करते: ‘शेवटी पहिला प्रश्न पीएचडी किंवा एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा असेल, तो येईपर्यंत आम्ही प्राध्यापक थांबणार आहोत.’ नियम ऐकायला अगदी साधा आहे, पण पाळायला कठीण जातो तो प्राध्यापकांना. पहिले दोन आठवडे आमच्याकडे कुणीच बोललं नाही. मी दहा, मग वीस, मग तीस मोजले, ‘ठीक आहे, चहाला चला’ म्हटलं आणि प्रश्नोत्तरं तिथेच संपवली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते अजिबात रुचलं नाही. त्यांच्याकडे खरोखरच चांगला प्रश्न होता. तो त्यांनी चहाच्या वेळी विचारला, त्यानं काही बिघडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘सर, दुसऱ्या स्लाइडवर त्या अक्षरावरची आडवी रेघ म्हणजे क्लोजर की कॉम्प्लिमेंट?’ वक्त्यानं मागे जाऊन पाहिलं आणि त्याला हसू आलं. त्यानं ती रेघ दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरली होती. पहिल्या रांगेतल्या आम्हा तिघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. म्हणजे पाऊण तास आम्हीही माना डोलावतच बसलो होतो.

पहिला प्रश्न कुणाचा, याला एवढं महत्त्व का? एक तर तो पुढच्या सगळ्या प्रश्नांची पट्टी ठरवतो. एचओडींनी ‘२००३ च्या त्या पेपरमधल्या अंदाजाशी याचा संबंध काय?’ असं विचारलं की मागच्या बाकांना कळतं, इथे प्रश्न म्हणजे पेपर वाचलेल्या माणसानं पेपर वाचलेल्या माणसाला दिलेली टाळी. ज्याला आडव्या रेघेचा अर्थ विचारायचा असतो तो वही मिटतो. याविषयी एक अभ्यासही आहे. २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या निबंधासाठी १० देशांतल्या ३५ संस्थांमधल्या जवळजवळ अडीचशे सेमिनारांची निरीक्षणं नोंदवली होती. त्यात कोणताही एक प्रश्न बाईकडून येण्यापेक्षा पुरुषाकडून येण्याची शक्यता अडीच पटींहून जास्त निघाली. आणि जिथे पहिला प्रश्न पुरुषानं विचारला, तिथे पुढच्या प्रश्नांत बायकांचा वाटा आणखी कमी दिसला. हा सहसंबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, हे तुम्हाला गणितवाल्यांना सांगायला नको. पण मी माझ्या सभागृहात जे पाहिलं त्याच्याशी ते जुळतं. आमच्या एमएस्सीच्या वर्गात मुली निम्म्याहून जास्त होत्या आणि प्रश्नांत त्या जवळजवळ नव्हत्याच. यावर मी वेगळी घोषणा वगैरे करत नाही. फक्त हात दिसायला लागले की डोळे आधी मागे आणि कडेला फिरवते. अध्यक्षाची नजर सवयीनं मधल्या दोन रांगांवरच खिळते, तुम्हीही स्वतःकडे लक्ष देऊन बघा.

आता शब्दांचं बघा. आपल्याकडे विद्यार्थ्याला ‘शंका’ असते आणि विद्वानाला ‘प्रश्न’ असतो. ‘सर, एक डाउट होता’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्यात ‘मला कळलं नाही, चूक माझी’ अशी कबुली आधीच दिलेली असते. वर्गात ते चालून जातं, पण चाळीस जणांच्या सभागृहात उठून चूक कबूल करायला कोण तयार होईल? मी मुलांना सांगते की ‘डाउट’ हा शब्दच टाका, थेट वाक्यावर या. ‘थँक यू फॉर द वंडरफुल टॉक’ हेही नको. ‘ही अट कुठे वापरली?’ एवढं पुरे. वाक्य जितकं आखूड, तितकं आवाज कापायच्या आत संपतं.

इंग्रजीचा प्रश्न मात्र मोठा आहे, आणि त्याबद्दल आपण विभागांत मोकळेपणानं बोलत नाही. माझ्याकडे हिंगोली-परभणीकडून, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं येतात. त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. समासात प्रश्न लिहिलेले असतात, मराठीत, आणि चांगले असतात. ते वहीतून बाहेर येत नाहीत, कारण मध्ये ‘डज’ की ‘डू’ हा उंबरठा असतो. म्हणून आम्ही जाहीर केलं: प्रश्न मराठी, हिंदी, इंग्रजी कशातही विचारा, भाषांतर मी करीन. पहिले काही आठवडे यालाही कुणी धजेना, कारण मराठीत विचारणं म्हणजे आपण कच्चे आहोत हे दाखवणं, असं मुलांना वाटत होतं. मग मराठी जाणणारा एक वक्ता आला तेव्हा मी स्वतःच मराठीत प्रश्न विचारला. पुढच्या महिन्यात कोलकात्याच्या पाहुण्यांना एका मुलानं विचारलं, ‘सर, हे कॉम्पॅक्ट नसलं तर प्रूफ कुठे तुटतं?’ मी भाषांतर करायला तोंड उघडायच्या आत पाहुण्यांनी उत्तर सुरू केलं होतं. गणिताची मराठी अशीच आहे. निम्मं वाक्य त्यांना आधीच कळलेलं होतं. वहीतून वाचून विचारायलाही माझी काहीच हरकत नसते. ‘बघून वाचू नका’ ही वक्तृत्व स्पर्धेची अट आहे, सेमिनारची नव्हे.

आणखी एक अडसर आहे, त्याचं नाव गाइड. मागच्या रांगांमधली मुलं वक्त्याकडे जितकी बघतात, तितकीच आपापल्या गाइडच्या मानेकडे बघतात. गाइडची मान हलली की मुलं समजतात, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली आहे, आपण विचारायचं नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं पीएचडी झाल्यावर मला सांगितलं, ‘मॅडम, मी विचारलं असतं, पण तुमच्या विद्यार्थ्याला एवढंही येत नाही असं झालं असतं ना?’ चार वर्षं तो माझी अब्रू सांभाळत गप्प बसला होता. याहून वाईट म्हणजे विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला आणि वक्त्याच्या आधी गाइडनंच वळून उत्तर दिलं: ‘अरे, ते तर आपण केलंय की!’ तो मुलगा पुढचं वर्षभर तोंड उघडत नाही. शेजारचे दोघंही उघडत नाहीत. हे मी माझ्या सहकाऱ्यांशी एकेकट्याला भेटून बोलले, बैठकीत नाही. बैठकीत सगळे हो म्हणतात. आणि ज्येष्ठांकडून मी एकच मागितलं, सत्रातून एकदा तरी अगदी प्राथमिक प्रश्न मोठ्यानं विचारा. आमच्याकडच्या सगळ्यात दरारा असलेल्या प्राध्यापकांनी एकदा दहाव्या मिनिटाला हात वर करून ‘ही व्याख्या मला समजली नाही, पुन्हा सांगाल का?’ असं विचारलं. त्या एका वाक्यानं जे झालं ते माझ्या सगळ्या नियमांनी झालं नसतं.

विद्यार्थ्यानं भर सभेत मोठ्या माणसाला प्रश्न विचारल्याची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, आणि ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला; हॉइल आणि त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांचा तो सिद्धान्त. व्याख्यानानंतर केंब्रिजचा बावीस वर्षांचा एक पीएचडीचा विद्यार्थी उठला आणि म्हणाला, तुम्ही सांगताय ती राशी अनंताकडे जाते. हॉइलनी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, मी काढून पाहिलंय. हा विद्यार्थी म्हणजे स्टीफन हॉकिंग. सभेला वाटलं, यानं बसल्या जागी मनातल्या मनात गणित केलं. गोष्ट इथे थांबवली की ती अलौकिक बुद्धिमत्तेची होते आणि आपल्या मुलांच्या काही उपयोगाची राहत नाही. उरलेली अर्धी अशी: हॉकिंगची खोली नारळीकरांच्या खोलीजवळ होती, त्यांची आकडेमोड हॉकिंगनी आधीच पाहिली होती आणि त्यावर सवडीनं काम केलं होतं. सभेतला अर्ध्या मिनिटाचा प्रश्न कित्येक दिवस आधी शेजारच्या खोलीत तयार झाला होता. मी हा भाग मुलांना मुद्दाम सांगते. धाडस शिकवता येतं की नाही याची मला कल्पना नाही, शेजारची खोली मात्र उपलब्ध करून देता येते.

आमची शेजारची खोली मंगळवारी संध्याकाळी भरते. येत्या गुरुवारच्या व्याख्यानाचा सारांश फळ्यावर लिहायचा आणि त्यातला प्रत्येक न कळलेला शब्द अधोरेखित करायचा. सारांशात सहसा पाच-सहा ओळी असतात आणि अधोरेखा वीस. मग एखादा वरिष्ठ स्कॉलर त्यातल्या चार-पाच शब्दांच्या व्याख्या आणि एकेक उदाहरण देतो. चाळीस मिनिटांत उरकतं. शेवटी प्रत्येकानं वहीत एक प्रश्न लिहायचा, गुरुवारी त्याचं उत्तर आपोआप मिळालं तर छान, नाही मिळालं तर विचारायचा. प्राध्यापक कुणीही नाही; सुरुवातीला मी जायचे, पुढे तेही सोडलं. अमेरिकेतल्या गणित विभागांत व्याख्यानाआधी वक्ता स्वतःच विद्यार्थ्यांसाठी पूर्व-व्याख्यान देतो अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. आपल्याकडे पाहुणे दुपारच्या गाडीनं येतात आणि रात्रीच्या बसनं जातात, त्यामुळे ते क्वचितच जमतं. मंगळवारचा फळा मात्र फुकट आहे.

आता व्याख्यानाच्या मध्याबद्दल. गणितात शेवटी प्रश्न न येण्याचं अगदी प्रामाणिक कारण म्हणजे विद्यार्थी बाराव्या मिनिटालाच वाट चुकलेला असतो. पन्नासाव्या मिनिटाला त्याच्याकडे विचारण्यासारखं काही उरतच नाही. त्यामुळे प्रश्न मध्येच यायला हवा. गणितज्ज्ञ इझ्रायल गेलफांड मॉस्को विद्यापीठात १९४३ पासून कित्येक दशकं सोमवारी संध्याकाळी सेमिनार चालवत. त्यात ‘नियंत्रक श्रोता’ नावाची चीज होती. श्रोत्यांमधल्या एखाद्या विद्यार्थ्याला उठवून ते विचारत, आतापर्यंत काय झालं ते सांग. त्याला सांगता आलं नाही तर वक्त्यानं पुन्हा समजावायचं. गेलफांड यांचा जिभेचा पट्टाही तितकाच प्रसिद्ध होता, तो उचलू नका. मूळ कल्पना मात्र आम्ही आपल्या पद्धतीनं घेतली. दर आठवड्याला एक विद्यार्थी ‘साखळीवाला’ असतो. आगगाडीतली साखळी. त्याला दोन दिवस आधी सांगितलेलं असतं, वक्त्यालाही कल्पना दिलेली असते. व्याख्यानात त्यानं कमीत कमी दोनदा गाडी थांबवायची, कारण काहीही चालेल, दंड नाही. गंमत अशी की साखळीवाल्यानं एकदा गाडी थांबवली की बाकीचेही उतरतात. त्याला परवानगी असते म्हणून तो घाबरत नाही, आणि गाडी थांबलेलीच असते म्हणून इतर घाबरत नाहीत.

इथे ‘आधी सांगितलेलं’ हे महत्त्वाचं. भर सभेत अचानक ‘हं, तू बोल, तुला काय वाटतं?’ असं कुणाला उठवू नका. एकदा मी ते केलं, त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तो पुढचे दोन गुरुवार आलाच नाही.

दुसरी चूक याहून हास्यास्पद होती. एका वर्षी मी कोर्सवर्कच्या अंतर्गत मूल्यमापनात सेमिनारमधल्या प्रश्नांना पाच गुण ठेवले आणि हजेरीपटासारखी प्रश्नांची वही केली. प्रश्नांचा पाऊसच पडला. सगळे प्रश्न एकच: ‘सर, व्हॉट इज द फ्युचर स्कोप ऑफ युवर वर्क?’ कधीकधी पालट म्हणून ‘एनी रिअल लाइफ ॲप्लिकेशन्स?’ बीजगणितीय संस्थितीवर (अल्जिब्रेइक टोपॉलॉजी) बोलणाऱ्या एका बाईंना सलग चार जणांनी वास्तव जीवनातला उपयोग विचारला. त्यांनी चौघांना अत्यंत सभ्यपणे उत्तरं दिली, आणि मी सत्र संपताच ती वही कपाटात टाकली. गुण लावले की मुलं गुणांचंच काम करतात, त्यात त्यांचा दोष नाही.

मग विचारायचं काय? याचीही सवय द्यावी लागते. काही प्रश्न जवळजवळ कुठल्याही गणिती व्याख्यानात चालतात आणि कुठल्याही वक्त्याला आवडतात. याचं सगळ्यात साधं उदाहरण कोणतं, जे शून्य नाही आणि फारच सोपंही नाही? ही अट काढली तर काय बिघडतं, एखादं प्रतिउदाहरण आहे का? यातली अवघड पायरी कुठली? मितीच्या जागी एक घातलं तर काय होतं? मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो प्रश्न म्हणजे, तुम्ही आधी कोणत्या वाटेनं गेला होतात जी चालली नाही? त्यावर वक्ते खुलतात, कारण पेपरात ते छापता येत नाही. स्टॅनफर्डचे गणितज्ज्ञ रवी वाकील आपल्या विद्यार्थ्यांना सुचवतात की व्याख्यानातून नेमक्या तीन गोष्टी लिहून घ्या, आणि जमेल तितक्या सेमिनारांत निदान एक तरी प्रश्न विचारा, सभेत नाही तर नंतर एकट्यानं. प्रश्न तयार करण्याच्या खटपटीतच लक्ष एकवटतं, असं ते म्हणतात, आणि प्रश्न विचारणाऱ्यासाठी मोलाचा असला म्हणजे झालं, वक्त्याला तो भारी वाटलाच पाहिजे असं नाही. हे शेवटचं आपल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आपला प्रश्न वक्त्याला दिलेली परीक्षा आहे असं त्यांना वाटत असतं, किंवा वक्त्यानं आपली घेतलेली.

ज्यांनी मुंबई विद्यापीठातल्या प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं उन्हाळी एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) शिबिर केलं आहे, ती मुलं शोधा. तिथे शिकवण्याची रीतच अशी आहे की शिक्षक सांगण्यापेक्षा विचारतो जास्त, आणि मुलगा फळ्यापाशी उभा राहून चुकतो, दुरुस्त करतो. चार आठवडे हे केलेलं एक मूल सभागृहात असलं तरी फरक पडतो. माझे पहिले तीन साखळीवाले तिथूनच आलेले होते.

चिठ्ठ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. व्याख्यानमालांमधली आपली जुनी रीत आहे: प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवायचा, अध्यक्ष निवडून वाचणार. मी सुरुवातीला वापरून पाहिली. प्रश्न भरपूर आले, चांगलेही आले, पण सहा महिन्यांनी तीच मुलं चिठ्ठ्याच पाठवत होती. चिठ्ठीत प्रश्न बाहेर पडतो, आवाज आतच राहतो; शिवाय उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नाही, आणि खरी मजा उपप्रश्नात आहे. त्यामुळे महिनाभर चिठ्ठ्या, मग बंद, असं करा. २०२० नंतरच्या ऑनलाइन व्याख्यानांतही हेच दिसलं. चॅटमध्ये एरवी न बोलणारी मुलं लिहायची. मी तो प्रश्न नाव घेऊन वाचायचे आणि उत्तर झाल्यावर म्हणायचे, समाधान झालं की नाही ते माइक सुरू करून सांग. ‘हो सर, पण…’ एवढं आलं की काम झालं.

लेखी प्रश्नाची माझी एक आवडती आठवण मात्र आहे. नारळीकरांकडे मुलं सहीसाठी वही पुढे करत, तेव्हा ते म्हणत, सही अशी मिळणार नाही. पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही असेल. पुण्यात कित्येक घरांत ती कार्डं जपून ठेवलेली आहेत. सहीची किंमत म्हणून त्यांनी प्रश्न मागितला. आमच्या विभागात आम्ही यावरून एक केलं: पाहुण्यांबरोबरच्या रात्रीच्या जेवणाला दोन विद्यार्थी येतात, आणि ते कोण, हे त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्यांतून ठरतं. पाच गुणांपेक्षा हे बरं चाललं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित ‘फ्युचर स्कोप’ विचारून पाहुण्यांसमोर जेवायला बसणं अवघड जात असावं.

बाकी, मोठ्या समारंभी चर्चासत्रांत यातलं काही चालत नाही, तिथे शक्ती घालवू नका. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, चार मनोगतं, अध्यक्षीय समारोप, आणि मग सूत्रसंचालक म्हणतो, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत.’ मी असल्या सत्रांची अध्यक्ष असताना एकच करू शकले, समारोपाची माझी दहा मिनिटं प्रश्नांना दिली. आयोजक रागावले, आभारपत्रात माझं नाव चुकीचं छापून आलं. योगायोग असेल. त्यापेक्षा पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधीच्या सादरीकरणाकडे लक्ष द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमावलीनुसार ते विभागातल्या सगळ्या शिक्षकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना खुलं असतं. वक्ता आपलाच दादा किंवा ताई असते, भाषेचा अडसर नसतो, आणि तिला खऱ्या प्रश्नांची गरजही असते. आमच्या मुलांनी पहिले प्रश्न बहुतेक तिथेच विचारले.

वक्त्याला आधी पत्र लिहा. साठ मिनिटांची वेळ असेल तर पंचेचाळीस सांगा. पंचेचाळीस सांगितल्यावर तो पंचावन्न घेतो. विद्यार्थ्याचा प्रश्न आला तर ‘हे तर उघड आहे’ म्हणू नका, हेही लिहा. मी स्पष्टच लिहिते, कुणाला राग आलेला नाही. आणि व्याख्यान संपल्यावर, प्रश्नोत्तरांच्या आधी, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला सोडा. प्रश्न आधी शेजाऱ्याला विचारून पाहिला आणि तोही गप्प झाला, की मग तो ‘माझा’ राहत नाही, ‘आमचा’ होतो. ‘सर, आम्हाला विचारायचं होतं…’ हे बहुवचन फार उपयोगाचं आहे.

एवढं करूनही काही मुलं कधीच विचारणार नाहीत. त्यांना राहू द्या. माझ्या पाहण्यातली एक अतिशय हुशार विद्यार्थिनी पाच वर्षांत सभेत एकदाही बोलली नाही, आणि प्रत्येक पाहुण्याला दुसऱ्या दिवशी ईमेल करायची.

राहिला चहा. चहा व्याख्यानानंतर ठेवा आणि पहिली पंधरा मिनिटं तिथे वक्ता आणि विद्यार्थी एवढेच असतील असं बघा. प्राध्यापकांना त्या वेळात विभागाची कुठलीतरी बैठक लावून द्या, ती आपल्याकडे नेहमीच प्रलंबित असते. सभेत न विचारलेले अर्धे प्रश्न कपबशी हातात आली की निघतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यातले काही सभेकडे सरकतात. या चहासाठी मी एकदा ‘विद्यार्थी-प्रश्नोत्तर चहापान, ३५ कप’ असं बिल सादर केलं होतं. ते ‘असे लेखाशीर्ष उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह परत आलं. तेव्हापासून मी ‘अतिथी सत्कार’ लिहिते. तुम्हीही तेच लिहा, आणि बिस्किटांची पावती वेगळी घ्या.